दहा जानेवारीला टाळ्या कुणासाठी?

मी कोल्हापूरची; आमच्याकडे पेठेपेठेत फुटबॉल. येत्या जानेवारीत, २०१९ला, आशिया चषक इथे यूएईतच होतोय, म्हणून भारी आनंद झालाय. २०११मध्ये भारत तिन्ही सामने हरला होता. आता गटात थायलंड, बहारीन आणि यजमान यूएई आहेत. पण या वेळी संघ २४. तिसऱ्या क्रमांकाच्या सहांपैकी चौघांना पुढे संधी आहे. थायलंडला हरवलं, तर आशा धरायला हरकत नाही. मात्र गोलसाठी एकट्या छेत्रीवर किती विसंबायचं?

१० तारखेला अबुधाबीत भारत-यूएई सामना. इथेच जन्मलेला लेक विचारतो, "आई, आपली टीम कोणती?" इतकी वर्षं वर्गात उत्तरं दिली, इथे अडले. मी निळी जर्सी घालणार. त्याचं त्याला ठरवू दे.