फेफरे आणि आपले ज्ञानतंतू

सणासुदीच्या दिवसांत संध्याकाळी सोलापूरच्या नवी पेठेत पाऊल ठेवायला जागा नसते. कापडाच्या दुकानांपुढे बायामाणसांची दाटी, तिच्यातून वाट काढणाऱ्या दुचाक्या, फेरीवाल्यांचा गलका. समजा, अशा गर्दीत एखादा विशीतला तरुण एकाएकी ताठ होतो, त्याच्या घशातून चमत्कारिक आवाज निघतो आणि तो धाडकन खाली कोसळतो. हातपाय झटक्यांनी उडू लागतात, डोळे वर जातात, तोंडाला फेस येतो. पाहता पाहता भोवती माणसांचे कडे होते. "ओ अण्णा, चप्पल काढा की तुमची!" असे कोणी ओरडतो. कोणी जवळच्या गाड्यावरून कांदा आणून फोडतो, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो, कोणी दातखीळ उघडायला चमचा शोधतो. दोन-तीन मिनिटांत झटके थांबतात, आणि ज्याची चप्पल असेल तो मोठ्या समाधानाने ती पायात सरकवून चालू लागतो.

असे दृश्य तुम्ही कोठे ना कोठे पाहिलेच असेल. आता मनाला एकच प्रश्न विचारा. ती चप्पल तेथे नसती तर काय झाले असते? झटके दोन-तीन मिनिटांत थांबलेच असते! बहुतेक फेफरी आपली आपणच थांबतात. त्या वेळी जवळ जे काही असेल त्याला श्रेय मिळते. चपलेची आणि कांद्याची कीर्ती पिढ्यान् पिढ्या टिकली ती एवढ्या भांडवलावर. पण त्या तरुणाच्या डोक्यात तेवढ्या वेळात खरोखर काय चालले होते? ते समजायचे तर आपल्या मज्जासंस्थेची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

कवटीच्या पेटीत जपून ठेवलेला आपला मेंदू वजनाने सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान भरतो. शरीराच्या वजनाचा हा जेमतेम पन्नासावा हिस्सा. पण शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा हा एकटाच खातो. असा खर्चिक गडी दुसरा नाही. मेंदूच्या बुडाशी करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू जोडलेला असतो, तो पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरतो. मेंदूतून नसांच्या १२ जोड्या निघतात, मज्जारज्जूतून ३१. त्यांच्या फाटे फुटत गेलेल्या तंतूंचे जाळे पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचलेले असते. काही तंतू बातमी आत आणतात, काही हुकूम बाहेर नेतात. तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो आणि "भाजले" हे कळते ते नंतर. कारण हात मागे घेण्याचा हुकूम मज्जारज्जूच्या पातळीवरच सुटतो, मेंदूची परवानगी येईपर्यंत तो थांबत नाही.

हे सारे ज्यांचे बनले आहे त्या मज्जापेशी एकट्या मेंदूतच सुमारे ८,६०० कोटी आहेत. पेशीला एक अंग असते, आखूड फांद्या असतात आणि एक लांब शेपूट असते. कमरेपासून पावलापर्यंत जाणारी काही शेपटे चांगली मीटरभर लांब असतात. पुष्कळ शेपटांवर चरबीयुक्त आवरण असते, विजेच्या तारेवर रबर असते तसे. असे आवरण असलेल्या जलद तंतूंमधून संदेश सेकंदाला १०० मीटरहूनही अधिक वेगाने धावतो. हे आवरण बिघडले तर काय होते ते २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागातील लोकांनी पाहिले. गिया-बारे नावाच्या त्या विकारात शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा नसांवर उलटते, आणि धडधाकट माणसाच्या पायांतली शक्ती चार-सहा दिवसांत जाते. पण तो आजार नसांचा. फेफरे हा मेंदूचा.

मज्जापेशीतून जी वीज वाहते ती घरातल्या दिव्याच्या विजेसारखी नव्हे. पेशीच्या आत पोटॅशियम अधिक, बाहेर सोडियम अधिक; आपल्या मिठात असते तेच हे सोडियम. या फरकामुळे पेशीच्या पातळ पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंत एका व्होल्टच्या हजाराव्या भागाचे सुमारे सत्तरपट, एवढा विद्युद्दाब सदैव राखलेला असतो. पेशी उद्दीपित झाली की पापुद्र्यातली बारीक दारे उघडतात, सोडियम आत घुसते आणि विजेची एक लाट शेपटाच्या टोकापर्यंत धावत जाते. टोकाशी एक अतिसूक्ष्म फट असते. तेथे पेशी रसायनाचा एक थेंब सोडते, आणि त्यावरून पुढच्या पेशीला निरोप कळतो. यातली खुबी अशी की, काही पेशी पुढचीला "चल" म्हणतात, तर काही "थांब" म्हणतात. "थांब" म्हणणाऱ्या पेशी नसत्या तर आपल्याला सुई ओवणेसुद्धा जमले नसते.

सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला यंत्रमागाचे कारखाने पुरेत. एका छपराखाली पन्नास माग चालू आहेत असे समजा. प्रत्येकाचा खटका आपापल्या वेळी पडतो, प्रत्येकाचा धोटा आपल्या लयीत धावतो. बाहेरच्याला तो नुसता खडखडाट वाटतो, पण प्रत्येक मागावर चादर नीट उतरत असते. आता कल्पना करा की काही बिघाड होऊन पन्नासही मागांचे खटके एकाच क्षणी, एकाच ठेक्यात पडू लागले. छप्पर हादरेल, धागे तुटतील, कापड एक बोटही पुढे सरकणार नाही. फेफऱ्यात मेंदूचे असेच होते. लक्षावधी पेशी आपापले काम सोडून एकदम, एका ठेक्यात विजेचे ठोके देऊ लागतात. स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या भागात ते ठोके पोचले की हातपाय त्याच ठेक्यात उडतात. शुद्ध राखणारी यंत्रणा त्यात सापडली की शुद्ध जाते. थोड्या वेळाने "थांब" म्हणणाऱ्या पेशी वरचढ होतात आणि सारे शांत होते. मात्र मेंदू थकलेला असतो, म्हणून माणूस नंतर बराच वेळ गुंगीत राहतो.

आपल्या जुन्या वैद्यांनी या रोगाला अपस्मार म्हटले, म्हणजे स्मृती निघून जाणे. चरकसंहितेत त्याचे वात, पित्त, कफ आणि सन्निपात असे चार प्रकार सांगितले आहेत. ग्रीस देशात ख्रिस्तपूर्व काळीच हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी या रोगात दैवी असे काही नाही, तो मेंदूचाच रोग आहे, असे बजावले होते. तरी अंगात आले, बाहेरची बाधा झाली, ही समजूत दोन्हीकडे उरलीच. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन या डॉक्टरांनी रोग्यांचे झटके बारकाईने पाहिले. एखाद्याचा अंगठा आधी उडू लागे, मग मनगट, मग दंड, मग चेहरा. यावरून त्यांनी ताडले की मेंदूच्या एका ठिकाणी काहीतरी पेटते आणि शेजारी पसरत जाते. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्याला बाहेरूनच तारा लावून मेंदूच्या विजेची नोंद घेतली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. जॅक्सन यांचा तर्क त्यानंतर कागदावर रेघांनी उमटलेला दिसू लागला. आज ई. ई. जी. म्हणून डॉक्टर जी तपासणी सांगतात ती हीच. तिच्यात डोक्याला शॉक वगैरे काही देत नाहीत. ती नुसती ऐकते.

सर्वच फेफरी कोसळून येतात असेही नाही. शाळेतली एखादी मुलगी बोलता बोलता दहा सेकंद टक लावून थांबते, हाक मारली तर ऐकत नाही, आणि पुन्हा जणू काही घडलेच नाही अशी वाचू लागते. गुरुजी म्हणतात, लक्ष नाही हिचे! दिवसातून वीसदा असे होत असेल तर तिला छडीची नव्हे, डॉक्टरांची गरज आहे.

कारणे पुष्कळ आहेत. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, पक्षाघात, गाठ. काही कुळांत ते वारशानेही येते. अनेकांत कारण सापडतच नाही. पण एक कारण आपल्या देशात चांगलेच आढळते आणि त्याबद्दल फार थोड्यांना माहिती असते. डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात एक पट्टकृमी शिरतो. त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि सांडपाण्यावर वाढलेल्या पालेभाजीवरून किंवा न धुतलेल्या हातांवरून दुसऱ्याच्या पोटात जातात. तेथून अळी रक्तावाटे मेंदूत पोचून घर करते, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी फेफरे येते. म्हणून ज्याने जन्मात मांसाला हात लावला नाही अशा शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. काकडी, मुळा, कोथिंबीर वाहत्या स्वच्छ पाण्यात धुऊन खाणे आणि शौचानंतर साबणाने हात धुणे, हा त्यावरचा साधा बंदोबस्त.

आता, समोर कोणाला फेफरे आले तर करायचे काय? घाबरू नका आणि घड्याळ पाहा. आसपासचे दगड, सायकल, गरम भांडे दूर सारा. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल द्या. गळ्याजवळचे बटण सैल करा. त्याला दाबून धरू नका. झटके तुमच्या जोराने थांबत नाहीत, उलट खांदा निखळतो. तोंडात चमचा, बोट, रुमाल काही घालू नका. दात तुटतो आणि तुकडा श्वासनलिकेत जातो. जीभ चावली गेली तरी बहुधा आठवड्यात भरून येते. झटके ओसरले की त्याला एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. झटका ५ मिनिटांहून लांबला, शुद्ध न येताच दुसरा आला, बाई गरोदर असेल, किंवा आयुष्यातला हा पहिलाच झटका असेल तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. चप्पल ज्याची त्याच्या पायात राहू द्या.

फेफरे येणारा माणूस बुद्धीने अधू असतो, हाही एक समज आहे. सोलापूरकरांना तरी तो शोभत नाही. नवी पेठेपासून फारशा लांब नसलेल्या भैया चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घरी आज त्यांचे स्मारक आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैन्याच्या जखमींवर त्यांनी रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या, आणि बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे ही कथा घरोघर पोचली. तिचा शेवट मात्र आपण चटकन विसरतो. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, कोटणीस गेले ते गोळी लागून नव्हे, तर फेफऱ्याचे झटके येऊन. ज्या वर्षी ते चीनला निघाले त्याच १९३८ मध्ये अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन हे औषध फेफऱ्यावर गुणकारी असल्याचे जाहीर केले होते. आज ती गोळी गल्लीतल्या औषधाच्या दुकानात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, थोड्या पैशांत मिळते.

औषधांची संख्या आता बरीच झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात फेफऱ्याचे सुमारे ५ कोटी रोगी आहेत, आणि योग्य निदान व औषधोपचार झाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतात. औषधाला दाद न देणाऱ्या काहींना शस्त्रक्रियेचाही उपयोग होतो. गोळीचे काम एवढेच की, पेशीच्या त्या दारांना वारंवार उघडू न देणे, किंवा "थांब" म्हणणाऱ्या पेशींचा हात बळकट करणे. हे काम रक्तात गोळी आहे तोवरच चालते. म्हणून ती रोज, ठरल्या वेळी घ्यावी लागते. महिनाभर झटका आला नाही म्हणून "आता बरे वाटते" असे म्हणत एकदम सोडली, तर दबलेली वीज दुप्पट उसळते. एकामागून एक झटके येत राहतात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. साधारणपणे निदान दोन वर्षे एकही झटका आला नाही, तरच गोळी हळूहळू कमी करण्याचा विचार डॉक्टर करतात, तोही तपासून. जागरण, उपाशीपोटी राहणे, दारू ही तिन्ही टाळावीत. विहिरीत एकट्याने पोहू नये आणि मोटारसायकल चालवू नये.

गोळी सुटते ती बहुधा निष्काळजीपणाने नव्हे, भीतीने. आपल्याकडे मुलीला फेफरे आहे हे आईबाप लग्नात सांगत नाहीत. पोर सासरी जाते. तेथे गोळ्यांची पट्टी ठेवायची कोठे, सासूने विचारले तर सांगायचे काय? चार दिवस ती लपून घेते, पाचव्या दिवशी सोडून देते. लग्नघरचे जागरण आणि उपासतापास झालेलेच असतात. मग एके दिवशी चुलीपुढे किंवा शेगडीपुढे झटका येतो आणि ती भाजते. असे भाजलेले हात डॉक्टरांना नवे नाहीत. मुलगा असला तरी चित्र फार वेगळे नसते. फक्त त्याला शेगडीऐवजी यंत्र असते.

कायद्यानेही एके काळी या भीतीत भर घातली होती. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा, वारंवार येणारे फेफरे हे वेडाच्या झटक्यांच्या जोडीला बसवून, विवाहाला बाधक ठरवले गेले. १९९९ साली संसदेने ते शब्द काढून टाकले. तेव्हा फेफरे आहे एवढ्यावरून आता लग्न रद्द होत नाही. पण लपवाछपवी झाली तर फसवणुकीची भाषा निघते आणि संसार कोर्टात जातो. त्यापेक्षा बोलणी चालू असतानाच, डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून, सांगून टाकावे. चार स्थळे परत जातील. जे राहील ते घर गोळीची वेळ आठवण करून देणारे असेल.

मूल होण्याचीही चिंता नको. अशा बहुसंख्य बायकांची मुले चांगली निपजतात. मात्र काही गोळ्या, विशेषतः व्हॅलप्रोएट, गर्भाला अपाय करू शकतात. म्हणून दिवस जाण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटून गोळी बदलायची की नाही ते ठरवावे, फॉलिक आम्ल सुरू करावे, आणि दिवस गेले म्हणून घाबरून आपल्या मनाने गोळी बंद मात्र करू नये.