ट्रॉलीला लाइटचं किट बसवताय? आधी अर्थ बघा



गळीत हंगाम तोंडावर आलाय. रात्री उसाची ट्रॉली रस्त्यात बंद पडली आणि मागं दिवा नसला, तर मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. किट आत्ताच बसवून घ्या.

बॅटरीची वायर काढून कामाला लागा. वायरच्या रंगावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतात. सात पिनी सॉकेटवरचे आकडे वाचा: १ डावा इंडिकेटर, ४ उजवा, ७ डावा टेल, ५ उजवा टेल, ६ ब्रेक, ३ अर्थ.

खरी गडबड ३ नंबरची. ‘हुकाच्या पिनेतून अर्थ मिळतोच की’ म्हणून बरेच जण ही वायर जोडतच नाहीत. मिळतो, पण तिथं ग्रीस आणि गंज. खड्ड्यात दणका बसला की तुटतो. म्हणून ३ पासून वेगळी वायर थेट मागच्या दिव्यांपर्यंत न्या. चासीला बोल्ट मारणार असाल तर तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करा. इंडिकेटर दिल्यावर टेल लाइटही लुकलुकतोय? बल्ब बदलत बसू नका, अर्थ तपासा.

वायर वळणावर ताणू नये इतकी सैल हवी, पण जमिनीला घासायला नको. दोन ट्रॉल्या असतील तर दिवे शेवटच्या ट्रॉलीलाही पाहिजेतच.

मागं लाल रेडियम, बाजूला पिवळा. लोंबणारं वाडं दोन्ही झाकतं, तेव्हा भरल्यावर मागं जाऊन एकदा बघाच.

जोडणी अडली तर सॉकेटचा फोटो याच नंबरवर पाठवा.