सोयाबीनच्या उगवणीची वीस-पंचवीस वर्षं

१ जुलै १९९८ला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला. तेव्हा रिसोड-मालेगावकडच्या काळ्या रानात मूग, उडीद, ज्वारी मागे सरत होती आणि सोयाबीन पुढे येत होतं. जिकडेतिकडे 'जेएस ३३५', जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेलं वाण. पुढे ते इतकं रुजलं की दुसऱ्या वाणाचं नाव काढायला शेतकऱ्यांना बरीच वर्षं लागली.

पण हे बी उगवणीला मुळातच नाजूक. चीन-जपानकडच्या रानटी सोयाबीनची साल टणक असते. पाणी आत शिरत नाही, दाणा मातीत वर्षानुवर्षं निजून राहतो. पेरलं की सगळं एकदम उगवावं म्हणून माणसाने हजारो वर्षं निवड केली, त्यात ही झोप गेली. आता पातळ सालीखाली लगेच मोड. मळणी यंत्राचे फेरे वाढले किंवा पोतं आदळलं की तो दुखावतो. बियाण्याच्या मानकांत गव्हाला ८५ टक्के उगवण लागते, सोयाबीनला ७० चालते. पिशवीच्या टॅगवर हे छापलेलं असतं, पेरणीच्या घाईत वाचतो कोण?

झोप गेल्याची किंमत ऑक्टोबर २०१९मध्ये कळली. सोंगणी झालेली, सुड्या लागलेल्या, आणि पाऊस थांबेना. शेंगांतच कोंब फुटले. वाचलेल्या दाण्यांतलंही बरंच बी आतून गेलेलं होतं. ते दिसलं जून २०२०मध्ये, रिकाम्या तासांत. राज्यभर तक्रारी, पंचनामे, दुबार पेरणी. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. बियाणे कंपन्यांवरचा राग रास्तच होता, पण माझ्या मते सगळा दोष पिशवीचा नव्हता. भिजल्या हंगामाचं बी कुणाच्याही गोदामात भिजलेलंच.

त्यानंतर घरच्या बियाण्याला मान आला. सोयाबीन स्वपरागित, त्यामुळे एकदा घेतलेलं प्रमाणित बी दोन-तीन वर्षं वापरता येतं. कृषी सहायक गावोगाव सांगत फिरले: शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, आठवड्याने मोजा. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पेरा, कमी उगवले तर बियाणं वाढवा. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीला हात घालू नका.

मग उन्हाळी बीजोत्पादनही वाढलं. जानेवारीत पेरून मेमध्ये काढलेला दाणा थोडा बारीक भरतो, पण परतीच्या पावसाचा मार चुकतो, आणि पेरणीपर्यंत त्याला जेमतेम महिनाभर तग धरायचा असतो.