स्वस्त स्कोप पारखताना: खोक्यावरचे आकडे आणि भिंतीवरचे माप

तळेगाव दाभाड्याचे काचेशी जुने नाते आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून निधी जमवला. त्या पैसा फंडातून १९०८ साली इथे काच कारखाना उभा राहिला. आज याच तळेगाव-चाकण पट्ट्यात हजारो माणसे रोज व्हर्निअर आणि डायल गेज हातात घेऊन मालाची तपासणी करतात. पुरवठादाराने कागदावर काय लिहिले आहे यावर माल पास होत नाही, माप जुळले तरच होतो. तीच माणसे घरातल्या मुलासाठी एअर रायफलचा स्कोप घेताना मात्र खोक्यावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवतात. म्हणून काही समज इथे तपासून पाहू.

गैरसमज १: जितके जास्त मोठे दिसते, तितका स्कोप चांगला.

वस्तुस्थिती: ‘४×३२’ म्हणजे चार पट मोठे दिसणार आणि पुढच्या काचेचा व्यास ३२ मिलिमीटर. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते. इथे ती ८ मिलिमीटर आहे. ‘६-२४×५०’ हा स्कोप २४ पटींवर नेला की झोत जेमतेम २ मिलिमीटर उरतो. संध्याकाळी डोळ्याची बाहुली त्याहून बरीच मोठी होते, त्यामुळे चित्र अंधारते. शिवाय हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा दिसतो आणि दिसणारा परिसर आकसतो. कमी किमतीत इतकी पट देताना काच आणि जुळणी यांत काटकसर होतेच. दहा मीटरवर कागदी लक्ष्यासाठी चार पट पुरेशी आहे.

गैरसमज २: काचेवर लालभडक झाक दिसली, म्हणजे भारी कोटिंग.

वस्तुस्थिती: साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. पाच भिंगांचे दहा पृष्ठभाग धरले, तर जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाटेतच जातो. कोटिंग ही गळती रोखण्यासाठी असते. लाल झाक असलेली काच उलट लाल प्रकाश परतवते, म्हणून आतले चित्र हिरवट-निळसर दिसते. ट्यूबलाइटखाली स्कोप तिरपा धरा आणि काचेतली प्रतिबिंबे मोजा. मंद हिरवी किंवा जांभळी प्रतिबिंबे म्हणजे कोटिंग आहे. ठळक पांढरे प्रतिबिंब दिसले, तर तो पृष्ठभाग कोरा आहे. ‘कोटेड’ आणि ‘फुली मल्टिकोटेड’ यांतला फरक इथेच कळतो.

गैरसमज ३: एकदा नेम जुळवला की डोळा कुठेही असला तरी चालतो.

वस्तुस्थिती: बंदुकीसाठी बनलेले बहुतेक स्कोप १०० यार्डांवर जुळवलेले असतात. त्याच्या बऱ्याच अलीकडच्या लक्ष्यावर डोळा जरा सरकला की क्रॉसहेअरही सरकतो. याला पॅरलॅक्स म्हणतात. ४० मिलिमीटर काचेचा असा स्कोप दहा मीटरवर वापरला आणि डोळा पार कडेला गेला, तर चूक १८ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर एकेका वर्तुळातले अंतर अडीच मिलिमीटर असते आणि दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे सात वर्तुळे हातची गेली! तपासायचे असेल, तर रायफल वाळूच्या पिशवीवर स्थिर ठेवा, तिला हात न लावता डोके वर-खाली करा. क्रॉसहेअर लक्ष्यावर फिरत असेल, तर दहा मीटरपर्यंत जुळवता येणारी ‘एओ’ (अ‍ॅडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह) कडी असलेला स्कोप घ्या.

गैरसमज ४: एअर रायफलचा धक्का तो काय, कोणताही स्कोप टिकतो.

वस्तुस्थिती: स्प्रिंगवाल्या एअर रायफलमध्ये पिस्टन सुटतो तेव्हा रायफल मागे येते आणि तो पुढे जाऊन थांबला की तीच पुढे झटका देते. मागचा धक्का सोसण्यासाठी बनवलेल्या स्कोपची भिंगे या उलट झटक्याने आत सैल होतात. म्हणून ‘एअरगनसाठी’ अशी स्पष्ट नोंद बघा. तसेच नेम हलला की आधी माउंटचे स्क्रू तपासा, पुष्कळदा दोष तिथेच असतो. वजन किंवा ३० मिलिमीटरची जाड नळी ही मजबुतीची किंवा उजेडाची हमी नव्हे. जाड नळीचा खरा फायदा म्हणजे नेम जुळवायला आत जास्त जागा मिळते.

गैरसमज ५: नॉबचा ‘टिक-टिक’ आवाज खणखणीत, म्हणजे यंत्रणा अचूक.

वस्तुस्थिती: स्वस्त स्कोपची खरी परीक्षा इथे होते आणि ती एकही छर्रा न झाडता घेता येते. बहुतेक नॉबवर एक क्लिक म्हणजे पाव मिनिट, अर्थात अंशाच्या साठाव्या भागाचा चौथा हिस्सा. दहा मीटरवर हे ०.७३ मिलिमीटर भरते. भिंतीवर आलेख कागद चिकटवा, दहा मीटरवर स्कोप व्हाइसमध्ये रबर लावून हलकेच धरा. क्रॉसहेअर कुठे आहे त्याची खूण करा. आता ४० क्लिक वर न्या. क्रॉसहेअर सुमारे २९ मिलिमीटर सरकायला हवा. मग ४० क्लिक उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे. चौकोन पुरा होऊन क्रॉसहेअर मूळ खुणेवर यायला हवा.

पुतण्याने मागवलेला एक स्कोप मी असाच तपासला. चाळीस क्लिकांनी तो २२ मिलिमीटर सरकला आणि परत आल्यावर खुणेपासून चार मिलिमीटर अलीकडेच थांबला. नॉबवर पेन्सिलने टकटक केल्याबरोबर क्रॉसहेअर टुणकन उडी मारून खुणेजवळ गेला. लेथवर काम केलेल्या कुणालाही हे ओळखू येईल: हा बॅकलॅश. आतली स्प्रिंग कमकुवत होती. अशा स्कोपवर नेम जुळवला, तरी पुढच्या झटक्याला तो कुठे जाईल सांगता येत नाही. स्कोप परत पाठवला.

गैरसमज ६: स्कोप लावला की नेमबाज तयार.

वस्तुस्थिती: ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत रायफलवर दुर्बीण चालतच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, ते डोळ्यासमोरच्या बारीक छिद्रातून नेम धरून. २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या ठरलेल्या तेजस्विनी सावंत यांचेही तसेच. श्वास, ट्रिगर आणि शरीराची ठेवण हे आधी, स्कोप नंतर.

आणखी एक गोष्ट मुलांना बजावून सांगा. ०.१७७ इंच नळीच्या, २० जूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण म्हणून ती खेळणे होत नाही. आमच्या तळ्याकाठी येणाऱ्या पक्ष्यांवर नेम धरणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. छर्रा कागदावरच लागला पाहिजे आणि मागे तो अडवणारी पेटी पाहिजे.

नवा स्कोप आला की परतीची मुदत संपायच्या आत आलेख कागद भिंतीवर लावा. चार पटींचाच असला तरी दरवेळी खुणेवर परतणारा स्कोप ठेवून घ्या. चोवीस पटींचा असूनही खूण चुकवणारा त्याच खोक्यात घालून परत पाठवा.