भाकरीच्या राखेत काय सापडलं?

खापरखेड्याच्या मुलांना राख म्हणजे काय, हे शिकवायची गरज नाही. गावाजवळच्या औष्णिक वीज केंद्रात पाच संच आहेत, मिळून १३४० मेगावॅटचे. रात्रंदिवस कोळसा खायचा आणि वीज द्यायची, हे त्यांचं काम. विजेसोबत राखही येते. आपल्याकडच्या वीज केंद्रांत १०० किलो कोळसा जाळला, तर साधारण ३० ते ४० किलो राख मागे उरते! तिच्या विटा करतात, ती सिमेंटमध्ये घालतात, पाण्यात कालवून तळ्यात सोडतात, तरी ती संपत नाही.

आता सांगा, एवढ्या धगधगत्या भट्टीत कोळशाचं अगदी पीठ करून फुंकतात, तरी ही राख जळत नाही. काऊन बरं?

कोळशातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो आणि वायू होऊन चिमणीतून पसार होतो. हायड्रोजनची वाफ होते. पण कोळशात गाळाची मातीही मिसळलेली असते. तिच्यातलं सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, मँगनीज यांना असं वायू होऊन पसार होणं जमत नाही. ती मागे उरतात. तीच राख.

हाच प्रयोग भाकरीवर केला तर? हसू नका, अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये तो रोज होतो. ज्वारीचं पीठ मोजून एका छोट्या मुशीत घालतात आणि विजेच्या भट्टीत सुमारे ५५० अंश सेल्सिअसला काही तास ठेवतात. पिष्ट, प्रथिनं, तेल, जीवनसत्त्वं, सगळं उडून जातं. १०० ग्रॅम पिठामागे जेमतेम दीड ग्रॅम राख उरते. (घरी तव्यावर हे करू नका. राख मिळायच्या आधी बोलणी मिळतील.)

या चिमूटभर राखेत पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम ही मंडळी भरपूर असतात. त्यांच्या गर्दीत लोह, जस्त, तांबं आणि मँगनीज दडलेली असतात, अगदी मिलिग्रॅमच्या हिशेबात. आज आपण या दडलेल्यांनाच शोधून काढणार आहोत.

अंगात किती लोखंड?

ज्या खनिजांची शरीराला दिवसाला १०० मिलिग्रॅमहूनही कमी गरज असते, त्यांना सूक्ष्म खनिजं म्हणतात. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात लोह असतं ३ ते ४ ग्रॅम. त्यातून एखादा छोटा खिळा होईल. जस्त साधारण २ ग्रॅम. तांबं एका ग्रॅमचा दहावा भाग. मँगनीज १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे तराजूत मोहरीचे चार-पाच दाणे टाकले की झालं! कोबाल्ट तर एक-दोन मिलिग्रॅमच.

एवढ्याशा ऐवजावर काय काय चालतं बघा. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत हजारो अणू असतात, पण त्यात लोहाचे अणू फक्त चार. ऑक्सिजन उचलून नेतात ते हेच चार. लोह कमी पडलं की माणूस फिका दिसतो, जिना चढताना धापा टाकतो, वर्गात जांभया देतो. जस्त नसेल तर जखमा लवकर भरत नाहीत आणि उंची खुंटते. लहान बाळांना जुलाब लागले की दवाखान्यातून ओआरएसच्या पुडीसोबत १४ दिवसांच्या जस्ताच्या गोळ्या देतात, त्या उगाच नाही.

आणि आता खरी गंमत. शरीर साखरेपासून चरबी बनवू शकतं. संत्र्याचं झाड साखरेपासून क जीवनसत्त्व बनवू शकतं. पण लोह, जस्त, मँगनीज ही मूलद्रव्यं आहेत. ती झाडाला बनवता येत नाहीत, गाईला येत नाहीत, तुम्हाला-मला तर नाहीच नाही. ती ताऱ्यांच्या पोटात तयार झाली आणि पृथ्वी घडताना तिच्यात आली. दगड झिजला, माती झाली, मातीतून मुळांनी ती उचलली, दाण्यात भरली आणि दाण्यातून ती आपल्या ताटात आली. तुमच्या रक्तातला लोहाचा प्रत्येक अणू कधी ना कधी कुठल्यातरी दगडात होता!

मँगनीज, आपल्याच तालुक्यातलं

दगडाचं नाव निघालंच आहे, तर शेजारीच जाऊ. खापरखेडा सावनेर तालुक्यात. त्याच तालुक्यात खाप्याजवळ गुमगावची मँगनीज खाण आहे. रामटेकच्या बाजूला गेलात तर मनसर आणि कांद्रीच्या खाणी लागतात. त्या चालवणाऱ्या ‘मॉईल’ या कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे आणि तिचा इतिहास १८९६ पर्यंत मागे जातो. इथले हे काळे, जड दगड शंभर कोटी वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहूनही जुने. लुईस ली फर्मोर या भूशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला. मँगनीजसोबत सापडणाऱ्या एका खडकाला त्याने इथल्या गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असं नाव दिलं. आज जगभरचे भूशास्त्रज्ञ ते वापरतात.

खाणीतलं बहुतेक मँगनीज पोलाद मजबूत करायला जातं. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं काही टॉर्चच्या सेलमध्ये जातं. सेलच्या पोटातली काळी पूड असते ना, तिच्यात मँगनीज डायऑक्साइड असतं.

पण मँगनीजचं सगळ्यात भारी काम कुठल्याच कारखान्यात होत नाही. ते होतं पानात. पान उन्हाच्या जोरावर पाण्याचा रेणू फोडतं आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो, हे तुम्ही शिकलाच आहात. पण फोडतं कोण? हरितलवकात मँगनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक आणि ऑक्सिजनचे पाच, असा इवलासा समूह असतो. पाणी फोडतो तो हा. २०११ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्यातला अणू न् अणू कुठे बसलाय, ते दाखवलं. त्यांना त्याचा आकार वाकड्यातिकड्या खुर्चीसारखा दिसला. तुमच्या आत्ताच्या श्वासातला जवळपास सगळा ऑक्सिजन अशाच खुर्च्यांवरून उठून आलाय!

कामठीच्या परिसरातल्या खडकांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडांच्या पानांचे ठसे सापडतात. कोळशाचे थर तयार होत होते, त्या काळातली, म्हणजे २५ कोटी वर्षांहूनही जुनी ही झाडं. तीही पाणी फोडायला मँगनीजच वापरायची. पद्धत अजून बदललेली नाही.

झाडाला मँगनीज किंवा जस्त पुरेसं मिळालं नाही, तर ते पानावर दिसतं. काटोल, सावनेरकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये कधीकधी पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडलेला असतो. माती काळीभोर असली, तरी तिच्यात चुना जास्त असेल तर जस्त आणि लोह अडकून बसतात आणि मुळांच्या हाती लागत नाहीत. मग शेतकरी झिंक सल्फेट, मँगनीज सल्फेट पाण्यात मिसळून थेट पानांवर फवारतात.

आपल्या शरीरातही मँगनीजला काम आहे. पेशींमधल्या तंतुकणिकांमध्ये अन्नातून ऊर्जा निघते. तेव्हा ऑक्सिजनचं एक रागीट रूप तयार होतं, सुपरऑक्साइड. ते पेशीचं नुकसान करतं. त्याला लगेच आवरणारं एक विकर तिथे हजर असतं आणि त्या विकराच्या मध्यभागी असतो मँगनीजचा अणू. हे मँगनीज मिळतं कशातून? ज्वारी, गहू, चणे, शेंगदाणे, पालेभाज्या. नेहमी जेवणाऱ्याला ते सहसा कमी पडत नाही.

मग जास्त खाल्लं तर जास्त ताकद?

नाही हो! अन्नातल्या मँगनीजपैकी आपली आतडी अगदी थोडं आत घेतात आणि यकृत जादाचं पित्तावाटे बाहेर टाकतं. पहारा चोख असतो. पण मँगनीजची धूळ श्वासातून आत गेली, तर हा पहारा चुकतो. १८३७ मध्ये स्कॉटलंडच्या जॉन कूपर या डॉक्टरने मँगनीजचे दगड दळणाऱ्या कामगारांबद्दल लिहिलं. त्यांचे पाय कमकुवत झाले होते, चाल बिघडली होती, बोलणंही नीट येत नव्हतं. जादा मँगनीज मेंदूत साचलं की असं होतं. म्हणून खाणीत पाणी मारून धूळ बसवणं आणि तोंडावर मास्क लावणं फार महत्त्वाचं.

फ्लोराइडचंही तसंच. पाण्यात थोडं असलं तर दात किडायचं प्रमाण कमी होतं. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते फार आहे. तिथे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि मोठ्यांची हाडं आखडतात. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून असं पाणी शुद्ध करायची पद्धत शोधली. तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यावरून तिला ‘नलगोंडा पद्धत’ म्हणतात.

म्हणजे नियम असा: नसेल तर अडचण, फार असेल तरी अडचण. त्यामुळे गोळ्या मनाने खायच्या नाहीत. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी (लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी) डॉक्टरांनी माप ठरवून दिलेली असते. ती मात्र चुकवू नका.

आणि वर्गात कुणी गुपचूप माती किंवा पाटीची पेन्सिल खात असेल, तर चिडवू नका. पुष्कळदा ती रक्तात लोह कमी असल्याची खूण असते. घरी किंवा बाईंना सांगा.

आयुष्यभरासाठी एक चमचा

आयोडीनचं कोडं आणखी मजेदार. गळ्यातली अवटू ग्रंथी ते वापरून संप्रेरक बनवते. शरीराची वाढ आणि मेंदूची घडण त्यावर अवलंबून असते. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम पुरतं. वर्षाचे ३६५ दिवस, अशी ७० वर्षं, गुणाकार करा. उत्तर चार ग्रॅमच्या आतच येईल. जन्मभराचं आयोडीन एका छोट्या चमच्यात! पण जन्मभराचं एकदम साठवून ठेवता येत नाही, ते थोडं थोडं लागत राहतं. पावसाने जमिनीतलं आयोडीन धुपत समुद्राकडे जातं, म्हणून समुद्रापासून दूरच्या धान्य-भाजीत ते अनेकदा कमी पडतं. यावर सोपा तोडगा निघाला: मिठातच आयोडीन मिसळायचं. घरातल्या मिठाची पिशवी वाचून बघा, त्यावर लिहिलेलं असतं. हे मीठ झाकण लावून ठेवावं, उघड्यावर त्यातलं आयोडीन कमी होत जातं.

ताटात आहे, पण रक्तात नाही!

१९५८ मध्ये आनंद प्रसाद नावाचे डॉक्टर इराणमधल्या शिराझ शहरात काम करत होते. ते मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. त्यांच्यासमोर एक तरुण आला. वय २१, दिसायला जेमतेम दहा वर्षांचा! तो मुख्यतः गव्हाची न आंबवलेली रोटी खायचा आणि मातीही खायचा. प्रसादांनी १९६१ मध्ये अशा रुग्णांबद्दल लिहिलं, पुढे इजिप्तमध्येही तपास केला. माणसालाही जस्त कमी पडू शकतं, हे त्यातून सिद्ध झालं. जस्त दिल्यावर अशा मुलांची उंची वाढू लागली.

पण गव्हात तर जस्त असतंच ना? असतं. मात्र दाणा आपल्या अंकुरासाठी फॉस्फरस साठवतो, तो फायटेट नावाच्या पदार्थात. हे फायटेट जस्त आणि लोह यांना घट्ट धरून ठेवतं. आतड्यात आलं तरी सोडत नाही. मग त्यातलं बरंचसं लोह-जस्त आलं तसं निघून जातं.

मग सोडवायचं कसं? अंकुर फुटताना बीच फायटेट तोडणारं विकर तयार करतं. म्हणून मोड आलेल्या मटकीतलं लोह आणि जस्त शरीराला जास्त मिळतं. पीठ आंबवलं तरी तेच होतं. ज्वारीची आंबील आणि इडली दोघीही या कामात हुशार! लोहाला आणखी एक मित्र आहे, क जीवनसत्त्व. तर्री-पोह्यातल्या चण्यांवर लिंबू पिळलं किंवा जेवणानंतर संत्रं खाल्लं, तर चण्या-भाजीतलं लोह सहज आत जातं. चहाचं मात्र उलट. त्यातली टॅनिनं लोहाला पकडून ठेवतात. म्हणून चहा जेवणासोबत नको.

करून बघा

विश्वास बसत नाही? मोठ्यांना सोबत घ्या. दोन-तीन गंजके खिळे एका जुन्या वाटीत व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी ते पाणी पिवळट-तपकिरी दिसेल, त्यात लोह उतरलंय. आता बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडक चहा करून दोन पेल्यांत सारखा ओता. एका पेल्यात साधं व्हिनेगर चमचाभर घाला, दुसऱ्यात खिळ्यांचं पाणी चमचाभर. दुसरा पेला हळूहळू काळा पडत जाईल, शाईसारखा. टॅनिनने लोह पकडलं ते असं.

किती वेळात काळा झाला, ते वहीत लिहा. फिक्या चहात काय होतं, तेही बघा. मग सगळं मोरीत ओता. एक घोटही प्यायचा नाही!