स्फुरणबिंदू : एक संख्या आणि तिच्यामागील वाक्य

उत्कलनबिंदू, द्रवणबिंदू, गोठणबिंदू या पारिभाषिक शब्दांच्या पंक्तीत रसायनशास्त्राने आणखी एक शब्द बसविला आहे. इंग्रजीत त्यास ‘फ्लॅश पॉइंट’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘स्फुरणबिंदू’ हा शब्द योजला आहे. उत्तरपद समान असल्यामुळे हे सर्व शब्द एकाच जातीचे असावेत, असा समज सहज होतो. परंतु उत्कलनबिंदू हा ठरावीक दाबाखाली त्या त्या शुद्ध पदार्थाचा गुण होय; तो कोणत्या भांड्यात मोजला, हे सहसा विचारावे लागत नाही. स्फुरणबिंदूच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न प्रथम विचारावा लागतो. ही संख्या द्रव, हवा, पात्र आणि ज्योत या चौघांच्या संबंधातून उत्पन्न होते. नामासारखी वावरणारी ही संज्ञा वस्तुतः एका संपूर्ण वाक्याचा संक्षेप आहे. आणि संक्षेपात गळालेले शब्द विसरले गेल्यास प्रसंग जिवावर बेतू शकतो. हे कसे, ते येथे पाहावयाचे आहे.

ज्यास आपण द्रवाचे जळणे म्हणतो, ते त्या द्रवाच्या बाष्पाचे जळणे असते. बाष्पही हवेशी विशिष्ट प्रमाणात मिसळलेले असेल तरच पेट घेते. एथिल अल्कोहोलच्या बाबतीत हे प्रमाण आकारमानाने सुमारे ३.३ टक्के ते १९ टक्के आहे. याहून कमी बाष्प असल्यास मिश्रण विरळ ठरते, अधिक असल्यास हवा अपुरी पडते. द्रव तापवीत गेल्यास त्याच्या पृष्ठभागावरील बाष्प ज्या किमान तापमानास खालची मर्यादा गाठते व ज्योत जवळ नेताच क्षणभर पेटून विझते, ते तापमान म्हणजे स्फुरणबिंदू. पेटलेली ज्वाला टिकून राहावी यासाठी सामान्यतः तापमान थोडे अधिक लागते. त्यास ज्वलनबिंदू म्हणावे. बाहेरची ज्योत नसतानाही बाष्प आपोआप पेट घेते ते स्वयंज्वलन तापमान तिसरेच. या तिहींची गल्लत होऊ देता कामा नये. डिझेलचा स्फुरणबिंदू पेट्रोलच्या मानाने पुष्कळच वर, परंतु त्याचे स्वयंज्वलन तापमान पेट्रोलपेक्षा खाली आहे. तेव्हा ‘दोहोंपैकी अधिक ज्वालाग्राही कोणते ?’ या प्रश्नास, ‘ज्योत जवळ असता की नसता ?’ हे विचारल्यावाचून उत्तर देता येत नाही.

आता मापनाकडे वळू. पात्र दोन प्रकारचे असते. उघड्या पात्रात बाष्प आजूबाजूच्या हवेत विखुरते. झाकलेल्या पात्रात ते साचून राहते व झाकणातील झडप क्षणमात्र उघडून ज्योत आत बुडविली जाते. साहजिकच उघड्या पात्रातील आकडा सामान्यतः वरचा येतो. ब्रिटनमध्ये १८७१ च्या पेट्रोलियम कायद्यातील मर्यादा उघड्या पात्राच्या कसोटीनुसार १०० अंश फॅरनहाइट होती. १८७९ च्या कायद्याने सर फ्रेडरिक एबल यांचे बंद पात्र स्वीकारले आणि मर्यादा ७३ अंश केली. यात कायदा सैल झाला नव्हता, कारण नव्या पात्रातील ७३ हे जुन्या पात्रातील १०० शी तुल्य मानले गेले होते. तेल तेच, बदलले ते पात्र. ७३ अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअस; आणि भारताच्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याच्या आजच्या स्वरूपात ‘अ’ वर्गाची सीमा २३ अंशांचीच आहे.

पात्राखेरीज हवेचा दाबही मोजावा लागतो. प्रमाण दाब १०१.३ किलोपास्कल मानून, दाब त्याहून जितके किलोपास्कल कमी असेल, तितक्या वेळा पाव अंश मोजलेल्या आकड्यात मिळविण्याची रूढ पद्धत आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात दाब सर्वसाधारणतः ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. म्हणजे तेथील प्रयोगकर्त्यास सुमारे दीड अंशाची भर घालावी लागेल. मुंबईत तिची गरज जवळजवळ पडणार नाही.

प्रत्येक द्रव पात्रात घालून पाहणे शक्य नसल्याने अनुमान करावे लागते. शुद्ध द्रवाच्या बाबतीत त्याची रीत सोपी आहे. अल्कोहोलची खालची मर्यादा ३.३ टक्के, ७६० मिलिमीटर दाबाचे ३.३ टक्के म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर. अल्कोहोलचा बाष्पदाब सुमारे ११ अंशांस इतका होतो. प्रत्यक्ष बंद पात्रात आकडा १३ अंशांच्या जवळपास येतो. अनुमान समाधानकारक आहे, आणि चुकले तरी सुरक्षित बाजूस चुकले आहे.

मिश्रणात ही सुरक्षितता राहीलच असे नाही. वजनाने निम्मे अल्कोहोल व निम्मे पाणी घेतल्यास अल्कोहोलचे रेणू एकूण रेणूंच्या सुमारे २८ टक्के भरतात. राउल्टचा नियम तंतोतंत लागू आहे असे धरून गणित केल्यास उत्तर सुमारे ३२ अंश येते. प्रत्यक्षात असे मिश्रण सुमारे २४ अंशांच्या आसपासच क्षणदीप्ती दाखविते. कारण पाण्याच्या सहवासात अल्कोहोलचे रेणू द्रवातून निसटण्यास आदर्श मिश्रणातल्यापेक्षा अधिक प्रवृत्त असतात. ही प्रवृत्ती दर्शविणारा सक्रियता-गुणांक गणितात घेतला नाही, तर येणारा आकडा खोटा धीर देतो. ३० अंशांच्या खोलीत ३२ आणि २४ यांतील भेद केवळ अचूकतेचा राहत नाही.

भाषाभ्यासकास सर्वांत विचार करावयास लावणारी उदाहरणे नकाराची आहेत. डायक्लोरोमिथेन या द्रावकास रूढ कसोट्यांत स्फुरणबिंदू आढळत नाही. ‘स्फुरणबिंदू नाही’ याचा अर्थ ‘जळत नाही’ असा वाचकाने केल्यास त्यास दोष देता येणार नाही. तथापि तो अर्थ चुकीचा आहे. त्याचे बाष्प हवेत विशिष्ट प्रमाणात व पुरेशा शक्तीच्या ठिणगीने पेटू शकते. नकार येथे कसोटीच्या निष्पत्तीचा आहे, पदार्थाच्या स्वभावाचा नव्हे.

बेंजामिन ली व्हॉर्फ हे रसायन अभियंते होते व हार्टफर्ड येथील अग्निविमा कंपनीत काम करीत. १९३९ मध्ये लिहिलेल्या व १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी दाखविले की, पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ सावध राहणारी माणसे ‘रिकाम्या’ पिंपांजवळ निष्काळजी होतात. याचे कारण शब्दात आहे की अदृश्य बाष्पाविषयीच्या अज्ञानात, याविषयी विद्वानांत मतभेद आहे. भौतिक वस्तुस्थिती मात्र निर्विवाद आहे. भरलेल्या पिंपातील मोकळ्या जागेत, सामान्य तापमानास, पेट्रोलचे बाष्प वरच्या मर्यादेपलीकडचे असते. रिकाम्या पिंपात उरलेले बाष्प हवेशी मिसळून नेमके पेटण्याजोग्या प्रमाणात येऊ शकते. इंग्रजीतील ‘इनफ्लेमेबल’ या शब्दातील उपसर्ग नकारार्थी समजला जाईल, या भीतीने अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने १९२० च्या दशकात ‘फ्लेमेबल’ या रूपाचा पुरस्कार केला. मराठीतील ‘ज्वालाग्राही’ या शब्दास तो धोका नाही. मात्र ‘ज्वलनबिंदू’ हा एकच शब्द तिन्ही तापमानांसाठी वापरल्यास आपण नवा धोका निर्माण करू.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. परिभाषा घडविताना तिन्ही संकल्पनांना तीन स्वतंत्र शब्द असले पाहिजेत व ते कटाक्षाने पाळले पाहिजेत. आणि स्फुरणबिंदू लिहिताना आकड्याबरोबर पात्राचा प्रकार, दाबाची दुरुस्ती आणि तो मोजलेला आहे की अनुमानिलेला, हे नोंदविले पाहिजे. एवढे शब्द परत आले म्हणजे संख्या पुन्हा वाक्य होते, आणि त्या वाक्याचा खरेखोटेपणा तपासता येतो.