ठिपक्यांत लपलेला रंग

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतली ‘द माइंड ऑफ ईव्हिल’ ही कथा १९७१ मध्ये रंगीत दाखवली गेली. पुढे मूळ टेप पुसल्या गेल्या. उरल्या फक्त १६ मिलिमीटर कृष्णधवल फिल्मच्या प्रती. मात्र पडद्यासमोर कॅमेरा लावून या प्रती काढताना रंगाचा संकेत गाळला गेला नव्हता. तो बारीक ठिपक्यांच्या रूपात फिल्मवर उमटला. केवढं हे भाग्य! त्या ठिपक्यांची मांडणी संगणकाने वाचली आणि मूळ रंग परत मिळाले. पहिल्या भागात मात्र ठिपकेच नव्हते. तिथे एका निष्ठावान चाहत्याने हजारो चौकटी स्वतः रंगवल्या. २०१३ साली डीव्हीडी आली, तेव्हा सहाही भाग रंगीत होते.